मोटरसायकलच्या क्लचची झीज : लक्षणे आणि त्यांवरून करावयाचे निदान

१. विषयप्रवेश

मोटरसायकल दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात ‘गाडी ओढत नाही’ ही तक्रार वारंवार ऐकावयास मिळते. तिच्यावर पुष्कळदा एकच उत्तर दिले जाते : ‘क्लचप्लेटा गेल्या, बदलाव्या लागतील.’ हे उत्तर कित्येकदा बरोबर ठरते. परंतु ते बरोबर ठरणे आणि ते सिद्ध झालेले असणे या दोन भिन्न गोष्टी होत. लक्षण एक आणि कारणे अनेक, अशी जेथे स्थिती असते तेथे लक्षणावरून थेट एका कारणावर उडी घेणे हे निदान नव्हे, तो अंदाज होय. क्लचची झीज कोणत्या लक्षणांवरून ओळखावी, त्या लक्षणांना दुसरी कोणती कारणे असू शकतात आणि ती एकमेकांपासून कशी वेगळी करावीत, एवढ्याच मर्यादित प्रश्नाचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

२०२४ साली अहिल्यानगर असे नामांतर झालेला अहमदनगर जिल्हा या प्रश्नाच्या अभ्यासास विशेष सोयीचा आहे. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. त्याचे क्षेत्र सुमारे १७,०४८ चौरस किलोमीटर असून त्यात १४ तालुके आहेत. पश्चिमेस अकोले तालुक्यात १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, तर उत्तरेस गोदावरीकाठचा सखल प्रदेश, असे त्याचे भूस्वरूप आहे. संगमनेरजवळचा चंदनापुरीचा घाट, पाथर्डीच्या वाटेवरील करंजीचा घाट आणि छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यावरील इमामपूरचा घाट हे येथील वाहनचालकांच्या नित्य परिचयाचे चढ आहेत. या रस्त्यांवर मोटरसायकल केवळ माणसांची ने-आण करीत नाही. दुधाचे कॅन, जनावरांसाठी उसाचे वाढे, खताची गोणी, असा मालही तिच्यावर लादला जातो. भार आणि चढ ही दोन्ही क्लचची खरी परीक्षा होत. सकाळचे दूध वेळेवर संकलन केंद्रात पोहोचविणाऱ्या माणसाच्या दृष्टीने चुकीच्या निदानाचा अर्थ दुहेरी नुकसान असा होतो : अनावश्यक सुट्या भागांचा खर्च तर होतोच, शिवाय मूळ दोष तसाच राहून गाडी पुन्हा घाटात अडते.

२. क्लचची रचना व कार्य

एंजिनाचा भुजादंड आणि दंतचक्रपेटी (गिअरबॉक्स) यांच्या दरम्यान क्लच बसविलेला असतो. एंजिन चालू ठेवून त्याची शक्ती चाकाकडे जाऊ देणे किंवा थांबविणे हे त्याचे काम. भारतातील बहुसंख्य मोटरसायकलींत अनेक तबकड्यांचा व तेलात बुडालेला, म्हणजे ‘ओला’, क्लच वापरतात. त्यात एका बाहेरच्या टोपलीसारख्या भागात (कारागीर यास ‘बास्केट’ म्हणतात) दोन प्रकारच्या तबकड्या एकीआड एक रचलेल्या असतात. ज्यांवर घर्षणद्रव्याचे अस्तर असते त्या घर्षणतबकड्या. त्यांच्या कडेचे दात बास्केटच्या खाचांत अडकतात व त्या एंजिनाबरोबर फिरतात. दुसऱ्या साध्या पोलादी तबकड्या. त्या आतील मध्यभागाशी, म्हणजे हबशी, जोडलेल्या असून दंतचक्रपेटीबरोबर फिरतात. या सर्व थप्पीवर प्रेशर प्लेट असते आणि तिला चार ते सहा स्प्रिंगा सतत दाबून धरतात.

येथे एक गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवली पाहिजे. या रचनेत क्लच जोडलेला असणे ही त्याची स्वाभाविक अवस्था आहे. हाताने लिव्हर दाबली म्हणजे स्प्रिंगांचा दाब दूर होतो व तबकड्या सुट्या होतात. लिव्हर सोडली म्हणजे स्प्रिंगा आपले काम पुन्हा सुरू करतात. म्हणून क्लचमध्ये मूलतः दोनच प्रकारचे दोष संभवतात : जोडलेला असताना तो पुरता न धरणे, म्हणजे घसरणे, आणि सोडला असताना तो पुरता न सुटणे, म्हणजे ओढ राहणे. तिसरा प्रकार या दोहोंच्या मधल्या अवस्थेतील होय. तो म्हणजे धरताना झटके देणे. कोणत्याही तक्रारीचे प्रथम या तिहींपैकी एका प्रकारात वर्गीकरण करावे. ते केल्याशिवाय पुढचा विचार करू नये.

३. झीज आणि घसरणे यांचे गणित

क्लच जास्तीत जास्त किती परिबल (टॉर्क) वाहून नेऊ शकतो, हे चार राशींच्या गुणाकाराने ठरते : घर्षणपृष्ठांची संख्या, घर्षण गुणांक, स्प्रिंगांचा एकूण दाब आणि तबकडीची सरासरी त्रिज्या. विवेचनासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पाच घर्षणतबकड्या, म्हणून दहा पृष्ठे. घर्षण गुणांक ०.१२; स्प्रिंगांचा दाब १,००० न्यूटन; सरासरी त्रिज्या ०.०५ मीटर. गुणाकार ६० न्यूटन-मीटर येतो. एंजिनाचे कमाल परिबल १० न्यूटन-मीटर असून क्लचपर्यंत येताना ते दंतचक्रांमुळे तिप्पट होत असेल, तर क्लचला ३० न्यूटन-मीटर वाहावयाचे आहे. म्हणजे नव्या क्लचची क्षमता गरजेच्या दुप्पट आहे.

आता प्रत्येक घर्षणतबकडी ०.३ मिलिमीटर झिजली असे मानू. पाच तबकड्यांची थप्पी १.५ मिलिमीटरने आखूड होईल आणि तेवढ्याच स्प्रिंगा सैल पडतील. चार स्प्रिंगा असून प्रत्येकीचा ताठरपणा दर मिलिमीटरला २५ न्यूटन व मूळचे दाबले जाणे १० मिलिमीटर असेल, तर एकूण दाब १,००० वरून ८५० न्यूटनवर येईल आणि क्षमता ५१ न्यूटन-मीटर होईल. ही क्षमता अद्याप गरजेहून बरीच अधिक आहे. अर्थात केवळ एवढ्या झिजेने हा क्लच घसरणार नाही.

परंतु याच क्लचमध्ये उष्णतेमुळे स्प्रिंगा आणखी १ मिलिमीटर आखूड झाल्या आणि अस्तर गुळगुळीत होऊन किंवा अयोग्य तेलामुळे घर्षण गुणांक ०.०८ वर उतरला, तर दाब ७५० न्यूटन व क्षमता ३० न्यूटन-मीटर होईल. ही क्षमता गरजेइतकीच आहे. आता पाठीमागे एक माणूस बसला आणि घाट लागला की क्लच घसरू लागेल. या उदाहरणातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. घसरणे हे बहुधा एका कारणाचे फळ नसून तीन-चार उणिवांच्या गुणाकाराचे फळ असते. केवळ तबकड्या बदलल्या व थकलेल्या स्प्रिंगा तशाच ठेवल्या, तर क्षमतेचा काही भागच परत मिळतो. उलटपक्षी, केवळ तेल चुकीचे असल्यास तबकड्या बदलून काहीच साधत नाही, कारण नव्या तबकड्याही त्याच तेलात बुडतात.

४. घसरण्याची लक्षणे

घसरण्याचे मुख्य लक्षण एका वाक्यात सांगता येते : एंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडीचा वेग त्या मानाने वाढत नाही. या वाक्याचे दोन्ही भाग सारखेच महत्त्वाचे आहेत. अ‍ॅक्सिलरेटर पिळूनही आवाजच वाढत नसेल, तर दोष क्लचचा नव्हे. तेव्हा हवेची गाळणी तुंबली आहे काय, इंधनपुरवठा ठीक आहे काय, एंजिनातील दाब उतरला आहे काय, ब्रेक चाकाला घासत आहेत काय, टायरमध्ये हवा कमी आहे काय, हे पाहिले पाहिजे. ‘गाडी ओढत नाही’ या एकाच वाक्यात या सर्व तक्रारी सामावल्या जातात, म्हणून ते वाक्य ऐकल्यावर पहिला प्रश्न आवाजाविषयी विचारावा.

घसरणे प्रथम वरच्या गिअरमध्ये व चढावर जाणवते. क्लच दंतचक्रपेटीच्या अलीकडे असल्याने गिअर कोणताही असला तरी एंजिनाकडून त्याच्यावर येणारे परिबल तेच असते. मग हा फरक का पडावा? याचे कारण असे की, खालच्या गिअरमध्ये गाडी चटकन वेग घेते आणि एंजिन आपल्या कमाल परिबलाची गती झपाट्याने ओलांडून जाते. वरच्या गिअरमध्ये चढाचा विरोध एंजिनाला त्याच गतीशी बराच वेळ धरून ठेवतो, आणि क्लचला पूर्ण भार दीर्घकाळ सोसावा लागतो.

एंजिनाची गती दाखविणारा मापक ज्या गाडीत असतो तिच्यावर ही परीक्षा मोजून करता येते. एका गिअरमध्ये एंजिनाची गती व गाडीचा वेग यांचे गुणोत्तर ठरलेले असते. चाकाचा परीघ १.९ मीटर व एकूण गतिन्यूनीकरण ८ धरले, तर ताशी ५० किलोमीटर वेगाला एंजिनाचे मिनिटाला सुमारे ३,५१० फेरे पडतील. मापक ३,९०० दाखवीत असेल तर सुमारे १० टक्के घसरण होत आहे. वेगमापकात मूळचीच थोडी चूक असू शकते. म्हणून त्याच गाडीवर, त्याच गिअरमध्ये व त्याच वेगाला, एकदा हलक्या अ‍ॅक्सिलरेटरने सपाटीवर आणि एकदा पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरने चढावर नोंद घ्यावी. दोन्ही नोंदी जुळल्या पाहिजेत. त्यांतील तफावत ही घसरणीची निःसंदिग्ध खूण होय. ही परीक्षा वाहतूक नसलेल्या रस्त्यावर व हेल्मेट घालूनच करावी, हे सांगावयास नको.

घसरणारा क्लच तापतो. क्लचवर ३० न्यूटन-मीटर परिबल असून दोन्ही बाजूंच्या गतींत सेकंदाला २० रेडियनचा फरक असेल, तर सुमारे ६०० वॅट शक्ती केवळ उष्णतेत जाते. ही उष्णता अस्तर जाळते, स्प्रिंगांचा ताण उतरविते आणि पोलादी तबकड्या वाकविते. त्यामुळे घसरण आणखी वाढते. जळका वास, तेलाचे अल्पावधीत काळवंडणे आणि पोलादी तबकड्यांवरील निळसर डाग ही या अवस्थेची चिन्हे होत. घाटात अर्धवट क्लच दाबून गाडी तोलून धरण्याची सवय या दुष्टचक्राची सुरुवात करून देते.

घसरणाऱ्या क्लचचा एक धोका चढापेक्षा उतारावर अधिक असतो, आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. उतारावर खालच्या गिअरमध्ये एंजिन गाडीला जे रोखून धरते तेही क्लचमधूनच. क्लच फारच थकला असेल तर हा रोध कमी पडतो व सारा भार ब्रेकांवर येतो. करंजी किंवा चंदनापुरीच्या घाटात मालासह उतरणाऱ्या चालकाने घसरणाऱ्या क्लचकडे केवळ इंधनाचा अपव्यय म्हणून पाहू नये.

५. न सुटण्याची व झटक्यांची लक्षणे

लिव्हर पूर्ण दाबूनही पहिला गिअर टाकताच गाडी पुढे सरकू पाहते, उभ्या गाडीला न्यूट्रल सापडत नाही, गिअर बदलताना कडक आवाज येतो, ही क्लच न सुटण्याची लक्षणे होत. त्यांची कारणे घसरण्याच्या कारणांहून निराळी आहेत : केबल सैल होऊन लिव्हरची मोकळीक फाजील वाढणे, पोलादी तबकड्या वाकणे, तेल फार घट्ट असणे, किंवा बास्केटच्या बोटांवर खाचा पडणे. थंडीच्या दिवसांत सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिल्या गिअरला येणारा ‘खट्’ असा आवाज मात्र दोष समजू नये. रात्रभर स्थिर राहिलेल्या तबकड्या तेलामुळे एकमेकींस चिकटतात, आणि एंजिन तापल्यावर हा आवाज नाहीसा होतो.

बास्केटवरील खाचांकडे विशेष लक्ष वेधणे इष्ट आहे. घर्षणतबकड्यांचे दात अ‍ॅल्युमिनियमच्या बोटांवर सतत आदळून तेथे बारीक खाचा पाडतात. मग तबकड्या सरळ सरकण्याऐवजी त्या खाचांत अडकतात. क्लच धरताना गाडी हिसके देते व सोडताना तो पुरता सुटत नाही. अशा बास्केटमध्ये नव्या तबकड्या घातल्या तरी दोष कायम राहतो, आणि दोष नव्या तबकड्यांच्या माथी मारला जातो.

६. लूना : उलट न्यायाचे उदाहरण

लक्षण तेच असूनही कारण रचनेनुसार कसे पालटते, याचे उत्तम उदाहरण याच जिल्ह्याने देशाला दिलेल्या एका वाहनात सापडते. हस्तीमल फिरोदिया यांनी स्थापिलेल्या कायनेटिक एंजिनिअरिंग या कंपनीने १९७२ साली ५० घनसेंटिमीटर वर्गातील लूना ही मोपेड बाजारात आणली. अहमदनगर येथे या कंपनीचा कारखाना होता. लूनाला हाताने दाबावयाचा क्लच नव्हता. तिच्यात केंद्रोत्सारी क्लच होता : एंजिनाची गती वाढली की अस्तर लावलेले तुकडे, म्हणजे शू, केंद्रोत्सारी प्रेरणेने बाहेर फेकले जात व भोवतालच्या ड्रमला धरीत, गती उतरली की स्प्रिंगा त्यांना आत ओढून घेत.

येथे स्प्रिंगेची भूमिका नेमकी उलट आहे. तबकड्यांच्या क्लचमध्ये स्प्रिंग जोडण्याचे काम करते, म्हणून ती थकली की क्लच घसरतो. केंद्रोत्सारी क्लचमध्ये स्प्रिंग सोडविण्याचे काम करते, म्हणून ती थकली की क्लच लवकर धरू लागतो, आणि एंजिन मंद गतीने चालू असतानाही गाडी पुढे सरकू पाहते. उलट अस्तर झिजले तर शूंना ड्रमपर्यंत पोहोचण्यास अधिक अंतर तोडावे लागते, आणि एंजिन बरेच जोरात फिरविल्याशिवाय गाडी हलत नाही. ‘गाडी आपोआप सरकते’ या एकाच तक्रारीवर मोटरसायकलच्या बाबतीत केबल व वाकलेल्या तबकड्या पाहाव्या लागतात, तर मोपेडच्या बाबतीत स्प्रिंगा. रचना ठाऊक नसता लक्षणांची यादी पाठ करणे किती निरुपयोगी आहे, हे यावरून स्पष्ट होते. २०२४ साली आलेल्या विद्युत लूनामध्ये चाकातच मोटर बसविलेली असल्याने तेथे क्लचचा प्रश्नच उरलेला नाही.

७. तपासणीचा क्रम

तपासणी बाहेरून आत, म्हणजे बिनखर्चाच्या परीक्षेकडून खर्चाच्या परीक्षेकडे, अशी न्यावी.

पहिली पायरी लिव्हरची मोकळीक. बहुतेक प्रवासी मोटरसायकलींत लिव्हरच्या टोकाशी सुमारे १० ते २० मिलिमीटर मोकळीक सांगितलेली असते. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. बहुतेक रचनांत तबकड्या झिजतात तसतशी मोकळीक कमी होत जाते, तर केबल ताणली गेल्यास ती वाढते. म्हणून केबलला हात न लावताही मोकळीक आपोआप घटत असेल, तर ती झिजेची सूचना होय. मोकळीक पूर्ण नाहीशी झाली की केबल स्प्रिंगांचा काही दाब स्वतःच अडवून धरते, आणि धडधाकट तबकड्याही घसरू लागतात. अशा वेळी स्क्रू थोडा सैल करताच दोष गेला, तर क्लच उघडण्याचे कारण उरत नाही. मात्र ती नोंद ठेवून पुढे लक्ष ठेवावे.

दुसरी पायरी तेलाची. मोटरगाडीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असतात. ती ओल्या क्लचला घातक ठरतात. मोटरसायकलच्या तेलाच्या डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ ही जपानी मानकाची खूण पाहावी. ‘एमबी’ खुणेचे कमी घर्षणाचे तेल अशा क्लचसाठी नव्हे. तेलाची पातळी, वास आणि त्यात दिसणारे कण यांचीही नोंद घ्यावी. अ‍ॅल्युमिनियमचे चकाकणारे कण दिसल्यास बास्केटचा संशय घ्यावा.

तिसरी पायरी रस्त्यावरील परीक्षा. तिचे वर्णन वर आलेच आहे. ज्या जुन्या रचनांत किकचा जोर दंतचक्रपेटीतून व क्लचमधून एंजिनाकडे जातो, जसे जुन्या बुलेटमध्ये, तेथे किक मारताना एंजिन न फिरता पाय नुसताच खाली जाणे हीही घसरण्याची खूण होय. ज्या गाड्यांत किकचा जोर थेट बास्केटच्या दंतचक्राला मिळतो तेथे मात्र या खुणेचा उपयोग नाही.

या तिन्ही पायऱ्यांनंतरही संशय राहिला तरच क्लच उघडावा, आणि उघडल्यावर डोळ्यांवर विसंबू नये. प्रत्येक घर्षणतबकडीची जाडी व्हर्नियरने तीन-चार ठिकाणी मोजावी. पोलादी तबकड्या सपाट पृष्ठावर ठेवून फिलर गेजने त्यांचा वाकडेपणा पाहावा. स्प्रिंगांची मुक्त लांबी मोजावी, आणि एक जरी आखूड आढळली तरी संपूर्ण संच बदलावा, कारण असमान दाबाने प्रेशर प्लेट तिरपी बसते. बास्केटच्या बोटांवरून नख फिरवून खाचा तपासाव्यात. सर्व मापे पुस्तिकेतील मर्यादांशी ताडून पाहावीत. जाडी मर्यादेत असूनही अस्तर आरशासारखे चकाकत असेल किंवा जळलेले असेल, तर ती तबकडी निकामीच समजावी. नव्या घर्षणतबकड्या बसविण्यापूर्वी तेलात भिजवून घ्याव्यात. कोरड्या बसविल्यास त्या पहिल्याच फेरीत जळण्याचा संभव असतो.

८. समारोप

वरील विवेचनाचे सार असे की, घसरणे हे क्लच थकल्याचे लक्षण आहे, तबकड्या झिजल्याचा पुरावा नव्हे. तो पुरावा व्हर्नियर देतो. कानाने तक्रारीचे वर्गीकरण करावे, लिव्हर व तेल यांनी बाहेरची कारणे वगळावीत, आणि मापाने निर्णय करावा, हा क्रम पाळला तर निदानाला जे अधिक श्रम लागतात ते अनावश्यक खर्च टळून भरून निघतात.

यंत्रशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे एक साधे पण उपयुक्त कार्य करता येण्यासारखे आहे. दुरुस्तीच्या दुकानांतून टाकून दिलेल्या तबकड्या व स्प्रिंगा गोळा करून त्यांची मापे घ्यावीत, आणि प्रत्येकीसमोर गाडीचे धावलेले अंतर, वापरलेले तेल, नेहमीचा भार व नेहमीचा रस्ता यांची नोंद करावी. बदललेल्या तबकड्यांपैकी किती खरोखर मर्यादेखाली झिजलेल्या होत्या आणि किती विनाकारण काढल्या गेल्या, या प्रश्नाचे उत्तर अशा नोंदींतूनच मिळेल; आणि ते उत्तर घाटातून दूध वाहणाऱ्या माणसाच्या आणि त्याची गाडी दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्याही उपयोगी पडेल.